मकाम : गुहागर

अरबी शब्दाच्या पुढे 'मु' लागला की माणूस मोठा होतो, असा माझा एक सिद्धांत होता. मुदीर म्हणजे मॅनेजर, मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, मुशरिफ म्हणजे सुपरवायझर, मुहामी म्हणजे वकील. चार महिन्यांचा ऑनलाइन वर्ग करून मी हे ज्ञान मिळवलं होतं आणि ते वापरायला माझे हात शिवशिवत होते. विश्वनाथ दौलत भुवड या सरळ माणसाच्या आयुष्यात मी जो घोळ घातला, तो या सिद्धांताच्या जोरावर घातला. माझं नाव गिरीश. चूक माझी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणावर तरी चिडता येईल.

रियाधच्या अल सुलै भागात आमचं यार्ड आहे. लोखंडी पत्र्याच्या पाण्याच्या टाक्या बनतात. मी ऑफिसात बसून सगळ्यांचे इकामे, व्हिसे आणि हजेरी सांभाळतो. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. त्यावर तुमचा धंदा लिहिलेला असतो, आणि जो लिहिलाय तोच करायचा असतो. धंद्यांची सरकारी यादी नवी आली आणि प्रत्येकाचा धंदा कॉम्प्युटरवर पुन्हा निवडायचा होता. वेल्डरला अरबीत 'लह्हाम' म्हणतात. मी पहिली दोन अक्षरं टाकली, तर ती अक्षरं कुठेही असलेले दोन शब्द समोर आले : वर लह्हाम आणि खाली 'मुलह्हिन'. मला वाटलं, मु लागलाय म्हणजे हा सीनिअर वेल्डर असणार. बावीस वर्षं राबलेल्या माणसाला एवढं तरी मिळायला हवं. मी मोठ्या मनाने खालचा शब्द दाबला.

मुलह्हिन म्हणजे गाण्याला चाल लावणारा. संगीतकार.

आता यातली खरी गंमत अशी, की भुवड संगीतकार होतेच. आणि त्यांनी गाणं सोडावं म्हणून त्यांच्या मुलीने त्यांना गळ्याची शपथ घातलेली होती.

भुवड गुहागर तालुक्यातले. गावाचं नमन-मंडळ होतं (नमन म्हणजे कोकणातलं लोकनाट्य), वडील दौलत भुवड त्यात मृदंग वाजवायचे. नमनातल्या गवळणीत गौळणींना घेऊन बाजाराला निघणारी एक मावशी असते. नऊवारी नेसलेला, पदर खोचलेला, मिशी नीट न काढलेला पुरुष. देवाला तिच्याकडून टोमणे खावे लागतात आणि लोक तिच्यासाठीच येतात. भुवड एकोणीस वर्षांचे असताना मंडळाची कायमची मावशी काजूच्या झाडावरून पडली आणि तिचा पाय मोडला. दौलतरावांनी पोराला धरून लुगडं नेसवलं आणि मांडवात ढकललं. घाबरून पोरगं सगळे शब्द विसरलं आणि म्हणालं, "अगो बाय, मी कुटं आलंय?" मांडव हसून आडवा झाला. ते वाक्य पुढे चौतीस वर्षं त्यांनी सोडलं नाही.

सौदीला आले तेव्हा बॅगेत वेल्डिंगचं सर्टिफिकेट होतं आणि खाली सरूबाईंचं, म्हणजे बायकोचं, एक जुनं लुगडं. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की कॅम्पच्या मेसमध्ये मावशी उभी राहायची. मला गाण्याचा कान नाही आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही; तरी या माणसाचा साठा पाहून मी चाट पडलो होतो. गावच्या गवळणीतली मावशी मथुरेच्या वाटेवर असते. यांची मावशी रियाधच्या रस्त्यावर. तिचं एक गाणं मेसमधल्या डाळीवर होतं. त्यात मावशी डाळीत डाळ शोधायला बुडी मारते आणि तिसऱ्या दिवशी चारशे किलोमीटरवरच्या दम्माममध्ये वर येते. एक गाणं कंपनीच्या बसवर, जी सगळ्यांना घेऊन जाते आणि मावशीला तेवढी विसरते. एक सेफ्टी बुटांवर. एक होतं आमच्या स्वयंपाक्यावर, खुर्शीदवर, की याच्या भाकरीने टाकीचं भोक बुजतं. खुर्शीद त्या गाण्याला स्वतः पातेलं बडवून ठेका द्यायचा. प्रत्येक कडव्यानंतर सगळा मेस ओरडायचा, "खलास गो बाय, खलास!" बंगाली ओरडायचे, पठाण ओरडायचे, फिलिपिनो तर सर्वांत वरच्या पट्टीत. यातल्या कुणालाच मराठी येत नव्हतं, पण सगळे भुवडांना 'मावशी' म्हणायचे. ते त्यांचं आडनाव आहे अशी अर्ध्या यार्डाची समजूत होती.

मग त्यांच्या मुलीचं, अपेक्षाचं, लग्न ठरलं. मुलगी चिपळूणच्या एका बँकेत काउंटरवर. होणारे सासरे निवृत्त मुख्याध्यापक, खादीचा सदरा, बोलताना ऱ्हस्व-दीर्घसुद्धा ऐकू यावेत असे. नेमका त्याच आठवड्यात कॅम्पमधल्या कुणीतरी मावशीचा व्हिडिओ टाकला आणि तो फिरत फिरत तिच्या बँकेत पोचला. अपेक्षाने फोन केला. "बाबा, गुरुजींनी बघितलं तर काय म्हणतील? माझ्या गळ्याची शपथ आहे. यापुढे गायचं नाही."

भुवडांनी लुगड्याची घडी घातली आणि बॅगेत तळाशी ठेवली. पुढचे सहा महिने शुक्रवारी ते भिंतीकडे तोंड करून कपड्यांना इस्त्री करत बसायचे. कुणी 'मावशी' म्हणून हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत.

आणि मग यार्डात मुफत्तिश आला. मुफत्तिश म्हणजे सरकारी तपासनीस. (इथेही मु आहे, आणि हा माणूस खरोखरच मोठा असतो.) तरुण, शांत, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला. एकेकाचा इकामा मोबाइलवर तपासत तो टाकी नंबर अकरापाशी आला. भुवडांनी तोंडावरचा मास्क वर केला. मुफत्तिशने मोबाइल पाहिला, भुवडांना पाहिलं, त्यांच्या हातातला वेल्डिंगचा चिमटा पाहिला.

"संगीतकार?" त्याने मला अरबीत विचारलं.

मी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा नीट समजून घेतला. आमचे यार्ड मॅनेजर वहाबभाई, मूळचे हैदराबादचे, धावत आले. म्हणाले, "जनाब, लोहे का सुर चेक कर रहा है." मी भाषांतर केलं. मुफत्तिश हसला नाही. त्याने फक्त सांगितलं की तीन आठवड्यांनी या माणसाला पडताळणी समितीपुढे बसवा, तो संगीतकार आहे हे सिद्ध करा, तोवर त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही, आणि इकाम्याचं नूतनीकरण निकालानंतर. जाताना सलाम करून गेला. माणूस चांगला असला की त्याच्यावर चिडताही येत नाही, याचा मला फार राग येतो.

वहाबभाईंनी मला केबिनमध्ये घेतलं. "मियाँ, क्या कर दिये आप? कल को खुर्शीद कू डान्सर लिख देंगे!"

लग्न सात आठवड्यांवर होतं. धंदा दुरुस्त करायचा अर्ज केला तर चार महिने. नूतनीकरण नाही तर बाहेर जायचा व्हिसा नाही. व्हिसा नाही तर लग्न नाही. म्हणजे मुलीच्या लग्नाला पोचायचं तर भुवडांनी समितीपुढे गाणारा म्हणून पास व्हायला हवं. आणि गायले तर तिच्या गळ्याची शपथ मोडते. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते माझ्या टेबलापुढे उभे होते. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सायेब, तुमी मना आदी इचारलाव का नाय?"

मी म्हटलं, "मला वाटलं, प्रमोशन आहे."

"म्या कदी मागितला प्रमोशन?"

मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी कामाला लागतो. मी शपथेचा नीट अभ्यास केला. "भुवड, शपथ गायची नाही अशी आहे. चाल लावायची नाही अशी नाही. मुलह्हिन चाल लावतो. गाणारा दुसरा असला तरी चालतं."

त्यांनी विचारलं, "गानार कोन?"

यार्डात मराठी येणारे आम्ही दोघंच होतो.

दुसऱ्या दिवसापासून भुवड संगीतकार म्हणून कामावर रुजू झाले. सकाळी सहाची शिफ्ट. हा माणूस फुकटचा पगार घेणाऱ्यांतला नव्हता. त्यांनी वहाबभाईंना विचारलं, दिवसाला किती चाली पायजेत? वहाबभाईंनी सवयीने टाक्यांचा हिशेब लावला आणि सांगितलं, दोन. म्हणून रोज दोन व्हायच्या. मुफत्तिश पुन्हा आला तर दाखवायला हवं म्हणून मी रजिस्टर आखलं : चालीचं नाव, सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, दुरुस्ती. एका चालीला 'मदी क्रॅक हाय' म्हणून त्यांनी ती स्वतःच नापास केली आणि ओव्हरटाइम न मागता दुसरी करून दिली. हेल्मेट आणि सेफ्टी बूट घालूनच ते चाली लावायचे, कारण यार्डाचा नियम होता.

गुणगुणणं शपथेत येतं का, यावर आम्ही एक अख्खी दुपार घातली. येतं, असं ठरलं. मग चाल मला कळणार कशी? भुवडांनी वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्याचे सात तुकडे कापून आणवले (कापले दुसऱ्याने, कारण संगीतकाराला कटर धरायची परवानगी नव्हती), दोरीला टांगले, आणि हातोडीने चाल ठोकून दाखवायला लागले. मी समोर उभा राहून गायचो. यार्डातली माणसं हातातलं काम टाकून बघायची. पहिल्या दिवशी माझं गाणं ऐकून एक फिलिपिनो क्रेनवाला खाली उतरून विचारून गेला, की कुणाला लागलंय का.

घरी सराव करायला लागलो तर माझी बायको विभा म्हणाली, "तू त्या माणसाला लग्नाला पाठवायला निघालायस की कायमचा इथे ठेवायला?" मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिचं बरोबर होतं.

भुवड मात्र मला एका शब्दाने लागेल असं बोलले नाहीत. फक्त प्रत्येक ओळीनंतर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पुन्ना."

समितीसाठी आम्ही 'मावशी निघाली बाजाराला' हे गाणं निवडलं, त्यांच्या साठ्यातलं सर्वांत जुनं, अपेक्षा लहान असताना रचलेलं. एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गालिचा घातलेल्या खोलीत तिघे जण बसले होते. मधले वयस्कर गृहस्थ ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे. त्यांचं वाद्य शेजारच्या खुर्चीवर ठेवलेलं होतं. भुवड इस्त्रीच्या शर्टात आणि हातात दोरीला टांगलेले सात पत्रे. मी भाषांतरकार आणि गायक.

वयस्कर गृहस्थांनी भुवडांकडे पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "मकाम?"

भाषांतराची गरजच पडली नाही. भुवड ताठ उभे राहिले आणि लहानपणापासून पत्रांवर लिहीत आले तसं म्हणाले, "मुक्काम पोस्ट पालवाडी, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी."

"गुहागर?" गृहस्थांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने मान हलवली, म्हणजे त्यालाही माहीत नव्हता. "कुठल्या मकामाजवळचा?"

"चिपळूनच्या जवळ," भुवड म्हणाले.

मी ते तसंच अरबीत सांगितलं. तिघांनी लिहून घेतलं. मकाम म्हणजे अरबी संगीतातली रागासारखी गोष्ट, हे मला नंतर कळलं. आजही त्या कार्यालयाच्या फाइलमध्ये गुहागर नावाचा राग आहे, चिपळूणच्या जवळचा.

"ऐकवा," ते म्हणाले.

भुवडांनी पत्र्यावर ठोका दिला. मी सुरू केलं.

*मावशी निघाली बाजाराला, डोईवर घेतला डबा,*
*शिपाई आडवा येऊन बोलला, इकामा कुटं गो, थांबा!*

मला वाटत होतं की बरं चाललंय. डावीकडच्या माणसाने पेन खाली ठेवलं. ऊदवाल्या गृहस्थांनी, मी खरं सांगतो, हात लांबवून आपल्या वाद्याच्या तारांवर पालथा ठेवला, लहान मुलाचे कान झाकावेत तसा. मी 'खलास गो बाय'पर्यंत पोचलो आणि तिथे आवाज फाटला. पुन्हा वर चढायला गेलो तर भलतीकडेच निघालो. हातोडी थांबली.

मी वळून पाहिलं. भुवड डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट झाल्या होत्या. पूर्वी एकदा नव्या पोराने टाकीला वेडावाकडा टाका मारलेला पाहून ते असेच उभे राहिले होते, आणि मग त्याच्या हातातून चिमटा काढून घेतला होता. आता त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलं. पत्रे माझ्या हातात दिले. शर्टाचं टोक कमरेला पदरासारखं खोचलं, एक पाय पुढे टाकला आणि गालावर बोट ठेवून समितीला म्हणाले,

"अगो बाय, मी कुटं आलंय?"

मग गायले. पहिलं कडवं, आणि दुसरं विसरून थेट तिसरं, ज्यात सेफ्टी बूट घातलेली मावशी ठुमकत चालते आणि शिपायाच्या पायाचा चुरा होतो. खोलीभर हिंडून गायले. सहा महिने कोंडलेला आवाज होता तो. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा 'खलास' आलं तेव्हा डावीकडचा माणूस ओरडला, आणि तिसऱ्यांदा ऊदवाल्या गृहस्थांनी वाद्य उचलून मांडीवर घेतलं होतं.

पास. शिक्का. आठवड्यात इकामा नवा झाला आणि चाळीस दिवसांचा व्हिसा निघाला. मी कागद छापून आनंदाने भुवडांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"सायेब, शपत मोडली. तिच्या गळ्याची व्हती." त्यांनी हात पाठीमागे घेतले. "तिला काय झाला तर? आनि नाय झाला तरी, कंच्या तोंडानं जाव मी मांडवात?"

मी शहाणपणाचं बरंच काही बोललो. आपण एकविसाव्या शतकात आहोत वगैरे. ते ऐकत होते आणि ऐकत नव्हते. शेवटी मीच त्यांचा फोन घेऊन अपेक्षाला लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. ती बँकेत होती. मागे नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"बाबा? या वेळी? व्हिसाचं काय झालं?"

"झाला," भुवड म्हणाले. "अपेक्षा, म्या गायलो."

पलीकडे यंत्र नोटा मोजत राहिलं.

"व्हिसासाठी गावा लागला. इलाज नव्हता. तू आदी 'सुटली' म्हन. शपत सुटली म्हन, बाय. मगच मी येतंय. नायतर मी येनार नाय."

लहानपणी आम्हीही असंच म्हणायचो. ज्याने शपथ घातली त्याने 'सुटली' म्हटलं की सुटते. त्रेपन्न वर्षांचा माणूस माझ्या टेबलाला धरून उभा होता आणि त्या एका शब्दाची वाट बघत होता. मला त्या मुलीचा एवढा राग आला की मी फोनकडे डोळे वटारून पाहिलं.

"सुटली," अपेक्षा म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. मग हळूच, "कुठलं गायलात?"

"बाजाराचा."

"दुसरं कडवं घेतलंत?"

"इसारलो. भीतीनं."

"मॅडम, पासबुक," पलीकडे कुणीतरी म्हणालं. "एक मिनिट थांबा," ती त्यांना म्हणाली. आणि मग फोन तोंडाशी धरून, काउंटरवर माणसं उभी असताना, तिने दबक्या आवाजात ते कडवं गायला सुरुवात केली.

*इकामा माजा लेकीच्या पदरी, लेक ऱ्हाते दर्यापार,*
*येतंस का रं संगती माज्या, दावते तुला घरदार.*

एक शब्द चुकला नाही. भुवडांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच माझ्या टेबलापुढे बसले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. ती थांबली तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"शेवटची ओळ खाली पाडलीस," ते म्हणाले. "वर घ्यायची."

आणि तिने ती पुन्हा म्हटली, वर घेऊन.